स्नॅपशॉट चुकला तर काय करावे?

एकाच यंत्रावर अनेक संगणक चालविण्याचे तंत्र आता लहान कार्यालयांतही रुळले आहे. अशा आभासी संगणकाला ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणतात. या तंत्रातील ‘स्नॅपशॉट’ ही सोय उपयुक्त खरी, पण तिच्याविषयीचा गैरसमज महागात पडू शकतो.

समजा, कार्यालयाचे हिशेब अशा व्हर्च्युअल मशीनवर आहेत. नवे सॉफ्टवेअर बसविण्यापूर्वी स्नॅपशॉट घेतला आणि तो तसाच राहून गेला. दोन महिन्यांनी एक जुनी फाइल हवी म्हणून कोणीतरी मूळ डिस्क दुसऱ्या व्हर्च्युअल मशीनला जोडली. त्यानंतर हिशेबाचे मशीन सुरूच होईना. मूळ डिस्क थेट जोडून पाहावी, तर दोन महिन्यांच्या नोंदी गायब!

असे का होते? स्नॅपशॉट म्हणजे डिस्कची प्रत नव्हे. तो घेताच मूळ डिस्क गोठविली जाते आणि पुढील प्रत्येक बदल ‘डेल्टा’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिला जातो. डेल्टात जे नाही, ते मूळ डिस्कमधून वाचले जाते. म्हणजेच एकीवाचून दुसरी अपुरी. ‘व्हीएमवेअर’च्या प्रणालीत प्रत्येक डिस्कला ‘सीआयडी’ हा ओळखक्रमांक असतो आणि डेल्टाच्या वर्णन-फाइलमध्ये ‘पॅरेंट सीआयडी’ म्हणून मूळ डिस्कचा क्रमांक नोंदलेला असतो. मूळ डिस्कवर परस्पर काही लिहिले गेले की तिचा क्रमांक बदलतो, जोडी जुळत नाही आणि मशीन सुरू होण्यास नकार देते. माहिती मात्र बहुधा डेल्टात शाबूत असते.

अशा वेळी पहिले पथ्य म्हणजे घाई न करणे. ‘रिव्हर्ट’चा पर्याय चुकूनही निवडू नये, त्याने स्नॅपशॉटनंतरचे बदल टाकून दिले जातात. मशीन बंद ठेवून तिचे संपूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे आणि पुढील सारे प्रयोग त्या प्रतीवरच करावेत.

स्नॅपशॉट अनेक असतील, तर लॉग फाइल पाहून त्यांचा क्रम निश्चित करावा. ‘ईएसएक्सआय’ सर्व्हरवर वर्णन-फाइल ही छोटी मजकुराची फाइल असते. ती उघडून डेल्टातील ‘पॅरेंट सीआयडी’च्या जागी मूळ डिस्कचा सध्याचा सीआयडी लिहावा. साखळी जुळली की शेवटच्या डेल्टापासून एक नवी, सलग डिस्क क्लोन करावी. ती नव्या मशीनला जोडून, नेटवर्क बंद ठेवूनच सुरू करावी.

क्रमांक जुळला म्हणजे सारे आलबेल झाले, असे मात्र नाही. मूळ डिस्कवर झालेले बदल त्याने पुसले जात नाहीत. म्हणून फाइल सिस्टीमची तपासणी करावी, डेटाबेस पडताळावा आणि शेवटच्या दिवसांच्या नोंदी कागदपत्रांशी ताडून पाहाव्यात. सर्व खात्री पटल्यावरच जुन्या फाइली काढून टाकाव्यात.

एकच स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा अधिक काळ वापरू नये, असा व्हीएमवेअरचा सल्ला आहे. डेल्टा वाढत जाते, जागा संपते आणि मशीन अडकून पडते. काम झाले की व्यवस्थापकातून स्नॅपशॉट ‘डिलीट’ करावा. नाव धडकी भरविणारे असले, तरी त्याने बदल मूळ डिस्कमध्ये विलीन होतात. आणि बॅकअप नेहमी वेगळ्या डिस्कवर ठेवावा. मूळ डिस्क बिघडली, तर तिच्यावर विसंबलेला स्नॅपशॉटही निरुपयोगी ठरतो.