धूर ओळखणारी घंटा

भात झोडून झाले की पेंढा माळ्यावर जातो. सरपण आणि गोवऱ्या पडवीत रचल्या जातात. भोर आणि वेल्हे भागात पाऊस फार. त्यामुळे ही बेगमी घरातच करावी लागते. (वेल्हे तालुक्याला सरकारदरबारी आता राजगड तालुका म्हणतात. आपल्या तोंडात अजून वेल्हेच आहे.) वर कौले, खाली लाकडी वासे, मध्ये पेंढा. आणि त्याच वाशांवरून विजेच्या तारा गेलेल्या असतात.

या तारा केव्हाच्या? बऱ्याच घरांत वीज आली तेव्हाच्याच. तेव्हा घरात दोन दिवे होते. आता टीव्ही आहे, फ्रीज आहे, मिक्सर आहे, मुलगा पुण्याहून आला की त्याची इस्त्री आहे. ओझे वाढले, तारा मात्र त्याच राहिल्या. तारेवरचे जुने आवरण वाळून तडकते. उंदीर ते कुरतडतात. कुठे जोड सैल होतो. सैल जोड तापतो. तापता तापता शेजारचे लाकूड काळे पडते, धुमसते. जाळ नंतर येतो. आधी येतो तो धूर.

म्हणून जुन्या घराच्या तारा बदलाव्या लागतात. हे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावे. तार आयएसआय शिक्क्याची घ्यावी. अर्थिंग नीट करावे. जुन्या फ्यूजच्या जागी एमसीबी बसवावी. ओझे जास्त झाले किंवा तारेला तार भिडली की ती आपोआप पडते. ईएलसीबीही बसवावी. वीज भलतीकडे झिरपू लागली, म्हणजे माणसाला धक्का बसू लागला, की ती वीज तोडते.

एवढे केले म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. पण एक गोष्ट राहते. सैल जोड तापत असेल तर एमसीबी पडेलच असे नाही. तिच्या लेखी सगळे ठीक चालले असते. आणि चुलीतला निखारा, देवापुढचा दिवा, विडीचे थोटूक यांचा तर तिला पत्ताच नसतो.

तुम्ही म्हणाल, आग लागली तर आपल्याला कळेल की! जागे असलो तर कळेल. झोपलेल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येतेच असे नाही. शिवाय धुरात एक विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो माणसाला आणखी गुंगवतो. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. दहा बाळे दगावली. त्यांतली तीन भाजून गेली आणि सात गुदमरून, असे तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. जाळापेक्षा धुरानेच जास्त जीव घेतले.

यासाठी धूर ओळखणारी घंटा मिळते. दुकानात स्मोक अलार्म मागा. ती असते वाटीएवढी. छताला बसवतात. तिला धूर कसा कळतो? कौलांत काच बसवलेली असते ना, तिच्यातून उन्हाचा कवडसा घरात येतो. चूल पेटली की त्या कवडशात धूर उजळून दिसतो. या घंटेत अगदी तसेच होते. आत काळोखी खोली असते. तिच्यात एक बारीक दिवा आणि एक यंत्राचा डोळा असतो. दिव्याचा उजेड डोळ्यावर थेट पडत नाही. धूर आत शिरला की उजेड त्यावर आपटून फाकतो आणि डोळ्यावर पडतो. लगेच घंटा कर्कश वाजू लागते.

आता खरी अडचण. आपल्या घरात धूर रोजचाच! चुलीजवळ ही घंटा लावली तर ती सकाळ-संध्याकाळ ओरडेल. मग घरचे लोक वैतागून तिला काढून ठेवतील, आणि त्यांचेही चुकणार नाही. म्हणून ती चुलीपासून निदान दहा फूट लांब, माणसे झोपतात तिथे लावावी. माजघरात माळ्याच्या फळ्यांखाली एक. माळ्यावर तारा असतील तर तिथेही एक. आढ्याच्या अगदी टोकात लावू नये. तिथे हवा कोंडते, धूर उशिरा पोचतो. त्याच्या थोडी खाली लावावी. चुलीच्या खोलीसाठी उष्णता ओळखणारी वेगळी घंटा मिळते. ती धुराला वाजत नाही. हवा साधारण ५८ अंशांपर्यंत तापली की वाजते.

तारा बदलताना हे काम का करावे? कारण वायरमन तेव्हा सगळीकडे तार ओढतच असतो. तेव्हाच सर्व घंटा एकमेकींना जोडून घेता येतात. मग माळ्यावरची वाजली की ओटीवरचीही वाजते, आणि ओटीवर झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला उशाशीच आवाज येतो. पण घंटेत बॅटरीही हवीच. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळ जाते, हे सांगायला नको. तारा बदलायच्या नसतील तर नुसत्या बॅटरीवर चालणारी घंटाही मिळते.

घंटा वाजली तर काय करावे? सगळ्यांना हाका मारा आणि बाहेर पडा. धूर वर साठतो, म्हणून वाकून चाला. वाटेत असेल तरच मुख्य बटण बंद करा. वीज चालू असताना पाणी मारू नका. दागिन्यांच्या पेटीसाठी परत आत जाऊ नका. माणसे मोजा. गोठ्याला बाहेरून दार असेल तर जनावरांची दावी सोडा. १०१ किंवा ११२ ला फोन करा. बंब घाट चढून येईपर्यंत वेळ जाईल, म्हणून फोन लवकर करावा.

घंटेवर एक बटण असते. दर अमावास्येला ते दाबून पाहा. वाजली पाहिजे. जाळी-जळमटे मऊ फडक्याने पुसा. दहा वर्षांनी ती बदलावी लागते. बसवाल त्या दिवशीच तिच्या कडेला तारीख लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते. वायरमनला सांगू नका, तुम्हीच लिहा.