गोळीत न मावलेली भाजी

१९८५ साली नैऋत्य फिनलंडमध्ये एक मोठा प्रयोग सुरू झाला. ५० ते ६९ वर्षं वयाचे, सिगारेट ओढणारे २९,१३३ पुरुष त्यात सामील झाले होते. त्यांतल्या काहींना रोज बीटा-कॅरोटीनची गोळी मिळायची, काहींना ई जीवनसत्त्वाची, काहींना दोन्ही आणि उरलेल्यांना औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी. बीटा-कॅरोटीन म्हणजे गाजराला, लाल भोपळ्याला त्यांचा रंग देणारं द्रव्य. गडद हिरव्या पालेभाज्यांतही ते भरपूर असतं, फक्त हिरव्या रंगाखाली झाकलेलं असतं. ज्यांच्या रक्तात ते जास्त सापडतं, त्यांना कर्करोग आणि हृदयविकार कमी होतो, असं तोवरच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं होतं. मग तेच द्रव्य गोळीतून दिलं तर जीव वाचतील, ही आशा अगदी रास्त होती.

१९९४ साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला आणि एकूण मृत्यू ८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्यांवर आणि अॅस्बेस्टॉसशी संबंध आलेल्या कामगारांवर असाच एक प्रयोग चालू होता. तो जानेवारी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला, कारण तिथेही गोळी घेणारेच जास्त मरत होते. हृदयरोग्यांसाठी ई जीवनसत्त्वावर लोकांची भिस्त होती. २००० साली ९,५०० हून अधिक रुग्णांवरच्या ‘होप’ अभ्यासात त्याचाही काही उपयोग दिसला नाही. अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्याच्या अधिकृत तज्ज्ञगटाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं की हृदयविकार किंवा कर्करोग टाळण्यासाठी या दोन्ही गोळ्या घेऊ नयेत.

भाजीपाला आणि हृदय यांच्यावर लिहिताना मी या अपयशापासून सुरुवात करतो आहे, कारण औषधाच्या दुकानातल्या ‘अँटिऑक्सिडंट’च्या डब्या आजही त्याच मोडलेल्या आशेवर खपतात. भाजी खाणाऱ्यांची हृदयं जास्त टिकतात, हे निरीक्षण खोटं नव्हतं. त्या निरीक्षणातून एकच द्रव्य वेगळं काढून सगळं श्रेय त्याला देणं चुकलं. त्यात आणखी एक गुंता आहे. रोज भाजी-फळं खाणारा माणूस बहुधा कमी सिगारेट ओढतो, जास्त चालतो, त्याच्या हाती चार पैसे जास्त असतात आणि तो डॉक्टरकडे वेळेवर जातो. मग हृदय भाजीने वाचलं की बाकीच्या गोष्टींनी, हे नुसत्या पाहणीतून सुटत नाही. त्यासाठी माणसांच्या ताटात प्रत्यक्ष भाजी वाढून पाहावं लागतं.

तसं वाढून पाहणारा सर्वांत गाजलेला प्रयोग म्हणजे अमेरिकेतला ‘डॅश’. १९९७ साली तो प्रसिद्ध झाला. ४५९ माणसांना ८ आठवडे सगळं जेवण प्रयोगशाळेनेच पुरवलं. एका गटाला नेहमीचं अमेरिकी जेवण, दुसऱ्याला त्यातच भरपूर फळं-भाज्या, तिसऱ्याला फळं-भाज्यांबरोबर कमी स्निग्धांशाचं दूध-दही आणि एकूण कमी चरबी. मीठ तिघांनाही सारखंच होतं आणि कुणाचं वजन घटू-वाढू दिलं नाही. तरीही नेहमीच्या जेवणाच्या तुलनेत तिसऱ्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी ५.५ मिलिमीटरने उतरला, आणि ज्यांना मुळात उच्च रक्तदाब होता त्यांचा ११.४ ने. रक्तदाबाच्या एका गोळीने पडावा, एवढा हा फरक आहे. नुसती फळं-भाज्या वाढवलेल्या गटातही दाब २.८ ने उतरला होता.

यातलं बरंच श्रेय पोटॅशियमला जातं. पोटॅशियम वाढलं की मूत्रपिंड सोडियम जास्त बाहेर टाकतं आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती सैलावतात. केळं, शहाळं, पालेभाज्या, कडधान्यं, बटाटा या सगळ्यांत ते असतं. चीनमधल्या ६०० खेड्यांत जवळजवळ २१,००० माणसांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये आला. तिथे निम्म्या खेड्यांतल्या घरांत साध्या मिठाऐवजी पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ दिलं होतं. त्या घरांत पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू १२ टक्क्यांनी कमी झाले. मात्र मूत्रपिंड अधू असलेल्यांनी असं मीठ आणि पोटॅशियमयुक्त आहार डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात वाढवू नये. त्यांच्या शरीरात साठलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके थांबवू शकतं. कोकणात-गोव्यात आवडीने खाल्लं जाणारं करमळ तर मूत्रपिंडाच्या रुग्णांना वेगळ्याच कारणाने विषारी ठरतं. त्यातलं एक द्रव्य मेंदूवर परिणाम करतं.

भाजी उकडून पाणी ओतून दिलं की पोटॅशियम, फोलेट आणि नायट्रेट त्या पाण्याबरोबर मोरीत जातात. ताकातला चाकवत, डाळ-दाणे घातलेलं अळूचं फदफदं, चुक्याची आंबटगोड पातळ भाजी यांत पाणी ताटातच राहतं. फोडणीच्या तेलाचंही काम आहे, कारण बीटा-कॅरोटीन स्निग्धांशाशिवाय नीट शोषलं जात नाही. पातळ भाज्या आपल्या रोजच्या जेवणातून मागे पडत चालल्या आहेत, आणि मला हे नुकसान मोठं वाटतं.

नायट्रेटची गोष्ट तर या सगळ्या संशोधनातली मला सर्वांत विलक्षण वाटते. माठ, पालक, मुळ्याचा पाला, बीट ही मंडळी जमिनीतून नायट्रेट भरपूर उचलतात. अनेक वर्षं वैज्ञानिक त्याकडे संशयाने बघत होते. मग १९९८ चं नोबेल पारितोषिक रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना मिळालं. नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू रक्तवाहिन्यांना सैल होण्याचा निरोप देतो, हा त्यांचा शोध. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी शेवटी याच वायूमार्फत काम करते.

बीटचा रस प्यायल्यावर हाच वायू शरीरात तयार होतो का, हे लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या अमृता अहलुवालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. २००८ मध्ये त्यांनी १४ निरोगी माणसांना अर्धा लिटर बीटचा रस दिला. तीनेक तासांत वरचा रक्तदाब सुमारे १० मिलिमीटरने उतरला. खरी गंमत पुढे आहे. काही फेऱ्यांत त्यांनी माणसांना रस प्यायल्यानंतर लाळ न गिळता थुंकत राहायला सांगितलं. तेव्हा दाब उतरलाच नाही! पोटातून रक्तात गेलेलं नायट्रेट लाळग्रंथी ओढून घेतात आणि पुन्हा तोंडात सोडतात. जिभेच्या मागच्या भागावर राहणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, आणि ती लाळ गिळली की पुढे नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. माणसाच्या पेशींना ही मधली पायरी एकट्याने फारशी जमत नाही. जंतुनाशक द्रवाने चूळ भरून हे जिवाणू मारले तरी परिणाम असाच पुसला जातो. पुढे २०१५ मध्ये याच गटाने उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना ४ आठवडे रोज २५० मिलिलिटर रस दिला. तुलनेसाठी दुसऱ्यांना नायट्रेट काढून टाकलेला बीटचाच रस दिला होता. नायट्रेटवाल्यांचा दाब ७ ते ८ मिलिमीटरने उतरला आणि रस चालू होता तोवर उतरलेलाच राहिला.

कोलेस्टेरॉलची वाट वेगळी. तिथे टोरांटोचे डेव्हिड जेंकिन्स यांचं काम आपल्या स्वयंपाकघराच्या फार जवळचं आहे. त्यांनी कोलेस्टेरॉल उतरवणारे अनेक पदार्थ एकाच आहारात एकत्र केले. त्यांत ओट्स आणि जव होते, सोयाबीनची प्रथिनं, बदाम आणि वनस्पतींतली स्टेरॉल होती, आणि त्यांबरोबर भेंडी, वांगं आणि इसबगोल. २००३ साली ४६ जणांवर महिनाभर तुलना झाली. नुसत्या कमी चरबीच्या आहाराने वाईट कोलेस्टेरॉल ८ टक्के उतरलं, त्याच आहाराला लोव्हास्टॅटिनची गोळी जोडल्यावर ३०.९ टक्के आणि गोळीशिवाय या भेंडी-वांग्यांच्या आहाराने २८.६ टक्के. लोक स्वतःच्या घरी रांधून जेवू लागले तेव्हा, म्हणजे २०११ मध्ये छापलेल्या ३५१ जणांच्या अभ्यासात, हीच घट १३ टक्क्यांच्या आसपास आली. तेही थोडं नाही. पण लोव्हास्टॅटिन ही जुन्या पिढीची, तेव्हा कमी मात्रेत दिलेली गोळी होती. ज्यांना डॉक्टरांनी स्टॅटिन दिलं आहे त्यांनी भेंडी खाऊन ते बंद करू नये.

भेंडीचा, इसबगोलाचा चिकटपणा इथे कामाला येतो. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवतं, ते आतड्यात येतं आणि बहुतेक पुन्हा शोषलं जातं. बुळबुळीत तंतू त्यातलं काही पित्त धरून ठेवून शौचावाटे बाहेर नेतात. तूट भरून काढायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. भेंडीला तार राहू नये म्हणून आपण लिंबू, आमसूल, ताक घालतो, ती तव्यावर कुरकुरीत करतो. तार मोडली तरी तंतू पोटात जातातच, तेव्हा चवीशी भांडण्याची गरज नाही.

आता आपल्याकडे येऊ. सलीम युसुफ यांच्या ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका येण्याचं मधलं वय ५३ होतं, बाकी जगात ते जवळजवळ ५९. त्याच अभ्यासातल्या निरोगी माणसांत रोज फळं-भाज्या खाणारे आपल्याकडे २६.५ टक्के, इतरत्र ४५.२ टक्के. शाकाहाराचा आपल्याला अभिमान असतो, पण शाकाहारी ताटातही पोळी-भाताचा डोंगर आणि तोंडी लावण्यापुरती भाजी असू शकते. २००४ मध्ये दिल्ली आणि बंगळुरूच्या रुग्णालयांत हृदयविकाराचा झटका आलेल्या ३५० जणांची ७०० इतरांशी तुलना झाली. आठवड्याला साडेतीन वेळा पालेभाजी खाणाऱ्यांत झटक्याचा धोका पंधरवड्यातून एकदाच खाणाऱ्यांपेक्षा ६७ टक्क्यांनी कमी निघाला. झटक्यानंतर आठवून सांगितलेल्या आहारावर हा अभ्यास आधारलेला आहे, म्हणून ६७ हा आकडा मी जसाच्या तसा धरणार नाही. पण दिशा बाकी जगातल्या पुराव्याशी जुळते.

पालेभाजीत काय नाही, हेही पुण्याने दाखवलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे शहर आणि परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. फोलेट बहुतेकांचं पुरेसं होतं, पण ६७ टक्क्यांना बी-१२ कमी होतं आणि ५८ टक्क्यांचं होमोसिस्टीन वाढलेलं. वाढलेलं होमोसिस्टीन हृदयविकाराच्या जोडीने दिसतं. मात्र मोठ्या प्रयोगांत गोळ्यांनी ते उतरवून झटके टळले नाहीत. तरीही बी-१२ नसांसाठी आणि रक्तासाठी लागतंच, आणि ते कुठल्याही भाजीत नसतं. दूध-दही कमी घेणाऱ्या शाकाहारी माणसाने ते तपासून घ्यावं आणि गरज पडली तर गोळी घ्यावी. इथे गोळी योग्यच आहे, कारण ती खरी उणीव भरते.

मुंबईतलं काम मला याहून आशादायक वाटतं. झोपडपट्ट्यांतल्या ६,५१३ स्त्रियांना डॉ. रमेश पोतदार यांच्या नेतृत्वाखाली गर्भधारणेच्या आधीपासून रोज खाऊ देण्यात आला. एका गटाच्या खाऊत पालेभाज्या, फळं आणि दूध होतं, दुसऱ्याच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या साध्या भाज्या. सगळ्या बाळांचं मिळून वजन वाढलं नाही. मात्र गर्भधारणेच्या निदान तीन महिने आधीपासून खाऊ घेणाऱ्या आयांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने वजनदार होती. पुढच्या विश्लेषणात गर्भारपणातला मधुमेह पहिल्या गटात ७.३ टक्के निघाला, दुसऱ्यात १२.४. असा मधुमेह होऊन गेलेल्या स्त्रीला पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणजे हृदयाची काळजी पन्नाशीतल्या पुरुषाच्या तपासणीच्या कितीतरी आधी, घरातल्या तरुण मुलीच्या ताटात सुरू होते. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेली भाजी तिच्या वाट्याला येत असेल, तर ही काळजी तिथेच अपुरी पडते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. चार माणसांच्या घरात हे दिवसाला दोन किलो होतात. १८ देशांच्या ‘प्युअर’ अभ्यासाने २०१६ मध्ये हिशोब मांडला होता. दरडोई रोज फळांच्या २ आणि भाजीच्या ३ वाढण्या घ्यायच्या, तर भारताचा समावेश असलेल्या कमी उत्पन्नाच्या गटात घरातलं ५२ टक्के उत्पन्न त्यावर जाईल, श्रीमंत देशांत २ टक्क्यांहूनही कमी. दवाखान्यात ‘फळं-भाज्या खा’ एवढंच लिहून देणं म्हणूनच अपुरं आहे. कोणती भाजी, कुठून, किती रुपयांत, हेही सांगायला हवं. सफरचंद आणि ब्रोकोलीची सक्ती मुळीच नाही. पेरू आहे, केळं आहे, शेवगा, मुळ्याचा आणि बीटचा पाला आहे. घोळ तर शेतात तण म्हणून उपटून टाकतात, आणि पालेभाज्यांत क्वचित आढळणारं ओमेगा-३ जातीचं स्निग्धाम्ल तिच्यात असतं. फक्त ज्यांना वारंवार मुतखडा होतो त्यांनी घोळ आणि पालक बेतानेच खावी. ज्यांच्या हृदयाची झडप बदलली आहे आणि जे रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन किंवा अॅसिट्रॉम घेतात, त्यांनी पालेभाजी सोडू नये, पण रोज साधारण सारखी खावी. तिच्यातलं के जीवनसत्त्व अचानक कमीजास्त झालं की औषधाची मात्रा चुकते.

भाजी कुठून आणि किती रुपयांत, याचं एक उत्तर परसबागेत आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली, ती गावरान बियाणं जपल्याबद्दल. वाल, घेवडा आणि पालेभाज्यांच्या जुन्या वाणांचं बी त्या बायकांना देतात आणि परसबाग करायला शिकवतात. घरामागे सांडपाण्यावर वाढलेल्या वेलाला बाजारभाव लागत नाही. शाळेच्या पोषण आहारासाठी, अंगणवाडीत आणि शहरांतल्या वसाहतींच्या मोकळ्या तुकड्यांवर अशी बाग लावायला जमीन थोडीच लागते. तिथे कोणतं बी लावायचं आणि कोणत्या महिन्यात, हे कोंभाळण्यात जाऊन विचारता येतं.