स्नानगृहाचे सरकते दार : अडते का व सुधारावे कसे

नव्या घरांतून स्नानगृहात काचेचे सरकते दार बसविण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. नवे असता बोटाच्या स्पर्शाने सरकणारे हे दार काही वर्षांनी अडू लागते आणि घरातील प्रत्येक जण ते जोराने ओढू लागतो. नेमके हेच टाळावयास हवे. ७० सेंटिमीटर रुंद, २ मीटर उंच व ८ मिलिमीटर जाड काचेचे वजन सुमारे २८ किलो भरते. बहुतेक दारांत हा सारा भार वरच्या पट्टीवरील लहान चाकांवर असतो. ओढाताणीने चाके झिजतात, दार पट्टीवरून निसटते आणि मग वृद्धांना व मुलांना धोका संभवतो.

प्रथम निदान करावे. दार हळूहळू सरकवून पाहावे. ते नेहमी एकाच जागी अडत असेल, तर तेथे मळ साचला आहे किंवा पट्टीला पोचा आला आहे असे समजावे. सर्वत्र जड जात असेल, तर चाके झिजली असावीत. दार बंद केल्यावर चौकटीशी वर व खाली सारखी फट राहत नसेल, तर एका बाजूचे चाक खाली उतरले आहे.

पुष्कळदा दोष मळाचाच असतो. जड पाण्यातील क्षार साबणाशी मिळून पट्टीत घट्ट थर धरतात. कोरड्या मऊ ब्रशाने पट्टी झाडावी. मग कपभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवून त्यात भिजविलेले फडके दहा मिनिटे थरावर ठेवावे आणि स्वच्छ पाण्याने पुसून घ्यावे. मात्र हे पाणी संगमरवरावर वा शहाबादी फरशीवर सांडू देऊ नये. आम्लाने त्या दगडांची झिलई जाते.

दार कललेले असेल, तर चाकाजवळील स्क्रू थोडा थोडा फिरवून फट सारखी करावी. त्या वेळी दुसऱ्या माणसाने काच धरून ठेवावी. चाके बदलावयाची असल्यास दोघांनी मिळून दार उतरवावे व जाड घोंगडीवर टेकवावे. अशी काच तापवून झपाट्याने थंड केलेली असते. ती मध्यभागी बराच आघात सोसते, परंतु तिच्या कडेला फरशीचा ठोका बसला तर तिचे क्षणार्धात असंख्य तुकडे होऊ शकतात. नवी चाके आणताना जुने चाक नमुन्यादाखल दुकानी न्यावे.

शेवटी चाकांच्या आसाला सिलिकोनचे वंगण अल्प प्रमाणात लावावे. खोबरेल तेल लावू नये. त्यावर धूळ बसून दार पुन्हा अडते.

स्नानानंतर पट्टी रोज कोरडी पुसण्याची सवय सर्वांत उत्तम. यात दुहेरी लाभ आहे. ओल्या फटीत सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते व पुढे साफसफाईत त्यांची हिंसा घडते; कोरडी फट हे दोन्ही टाळते. आपल्या धर्माने सांगितलेला यत्नाचार तो हाच. दुकानातील काचेच्या कपाटांनाही हाच नियम लागू आहे : अडलेल्या दारावर बळ खर्च करण्यापूर्वी ते का अडले, हे पाहावे.