केसर आंब्याचे मातृवृक्ष ठेंगणे व निरोगी कसे राखावेत

आंब्याची कोय लावून वाढविलेले झाड मूळ झाडासारखेच फळ देईल असा भरवसा धरता येत नाही. आपल्याकडील जातींच्या कोयीत एकच गर्भ असतो व तो परागसंयोगातून निर्माण झालेला असल्याने त्यात दोन झाडांचे गुण मिसळलेले असतात. म्हणून केसर जातीचा प्रसार आजवर केवळ कलमाने होत आला आहे. जुनागढच्या नबाबांनी १९३४ साली ज्या आंब्यास केसर हे नाव दिले, त्याच आंब्याचे अंश औसा, निलंगा, उदगीर या भागांतील बागांत आज उभे आहेत. हापूस जातीस जडणारी साक्याची विकृती केसर फळात आढळत नाही व मराठवाड्याची कोरडी हवा त्यास मानवते. यामुळेच या भागात त्याची लागवड वाढली. १९९० पासून रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवडीस साहाय्य मिळू लागले, तेव्हापासून तर कलमांची मागणी फारच वाढली.

मागणी वाढली की डोळकाडी कोठून आणली हे विचारण्याचे भान सुटते. एका सदोष झाडापासून शंभर काड्या घेतल्या तर शंभर सदोष कलमे तयार होतात, आणि ती सदोष आहेत हे ज्याने विकत घेतली त्यास चौथ्या-पाचव्या वर्षी, पहिले फळ हाती आल्यावर कळते. तोवर त्याने खड्डे, खत, कुंपण व पाणी यांवर केलेला खर्च परत येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात पाच वर्षे पाणी घालून रायवळ आंबा पदरी पडणे म्हणजे काय, हे शेतकरी बंधूंस सांगावयास नको.

डोळकाडीसाठी पुष्कळदा बांधावरील जुने, मोठे झाड वापरले जाते. अशा झाडाच्या जोमदार फांद्या उंच शेंड्यावर असतात. तेथवर चढणे कठीण म्हणून हाताशी येणाऱ्या, सावलीतील बारीक काड्या तोडल्या जातात व त्यांची कलमे लागत नाहीत. कीड-रोगाची पाहणीही उंच झाडावर नीट होत नाही. याउलट मातृवृक्षाची उंची दोन ते अडीच मीटरच्या आत राखल्यास जमिनीवर उभे राहूनच प्रत्येक फांदी तपासता येते आणि त्यास पाणीही बेताचे लागते. तथापि जुने, फळ देणारे खात्रीचे झाड तोडू नये. पहिली काडी त्याचीच घ्यावी व पुढेही फळांची तुलना करण्यासाठी ते जपावे.

मातृवृक्षांसाठी वेगळा तुकडा राखून ५ × ५ मीटर अंतरावर कलमे लावावीत. लातूरकडील काळ्या भारी जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून मुळे गुदमरतात. म्हणून निचऱ्याची, मध्यम खोलीची जमीन निवडावी किंवा गादीवाफ्यावर लागवड करावी. कलम जोमाने वाढू लागले की जमिनीपासून ६० ते ७५ सेंटिमीटरवर शेंडा छाटावा. फुटलेल्या फांद्यांपैकी चहूबाजूंस पसरणाऱ्या तीन-चार ठेवाव्यात आणि त्या पक्व झाल्यावर पुन्हा खुडून झाडास बसका, उघडा आकार द्यावा.

पुढील वार्षिक छाटणीचा काळ कलमे बांधण्याच्या काळावरून मागे मोजून ठरवावयाचा असतो. मराठवाड्यात मृदुकाष्ठ कलमे साधारणपणे जुलै-ऑगस्टमध्ये, हवेत दमटपणा असताना, चांगली साधतात. डोळकाडी तीन ते चार महिने वयाची हवी. नवी पालवी फुटण्यास सुमारे एक महिना लागतो. तेव्हा छाटणी मार्चच्या आरंभी करणे इष्ट होय. पावसाळ्यात छाटल्यास जखमांतून शेंडेमर शिरण्याचा संभव असतो. छाटलेल्या प्रत्येक टोकाशी अनेक फुटवे येतात. त्यांपैकी दोन किंवा तीन राखून बाकीचे कोवळेपणीच काढावेत. ही विरळणी कंटाळवाणी आहे खरी, परंतु पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी तिच्यावाचून मिळत नाही. मोठ्या जखमांवर बोर्डो मलम लावावे. त्यासाठी एक किलो मोरचूद व एक किलो चुना दहा लिटर पाण्यात घ्यावा. छाटणीमुळे उघड्या पडलेल्या खोडास एप्रिल-मे महिन्यांत ऊन भाजते, म्हणून त्यावर चुन्याचा हात द्यावा.

झाड बुटके राहावे म्हणून कोणी पॅक्लोब्युट्राझोल वापरण्याचा सल्ला देतात. फळबागेत त्याचा उपयोग असेल. मातृवृक्षास मात्र ते देऊ नये. त्याने शाकीय वाढच खुंटते, पेरे आखूड होतात आणि आपणांस हवी असलेली काडीच मिळत नाही. येथे कात्रीवरच विसंबावे.

छाटणीबरोबर एक धोका येतो व त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. वरचा भाग वरचेवर कापला की कलमाच्या जोडाखालील खुंट फुटू लागतो. हा फुटवा रायवळाचा असतो आणि जोमाने वाढतो. ठेंगण्या झाडात तो एक-दोन वर्षांत केसरच्या फांद्यांत मिसळून जातो व पुढच्या हंगामात, दिसण्यास सर्वांत सुंदर म्हणून, त्याचीच काडी तोडली जाते! यास्तव जोडाच्या वर रंगाचा पट्टा ओढून ठेवावा, त्याखालील प्रत्येक फुटवा दिसताच बुडापासून काढावा आणि दरवर्षी एक फांदी आळीपाळीने न छाटता राखून तिच्यावर फळ धरू द्यावे. त्या फळाने झाडाची जात पटते. इतर फांद्यांवरील मोहोर निघताच खुडावा, म्हणजे झाडाची शक्ती फळात न जाता पालवीत जाते.

पाणी ठिबकने, थोडे पण नियमित द्यावे आणि बुंध्याभोवती पाचटाचे आच्छादन करावे. पावसाळ्यारंभी शेणखत घालावे. नत्राचा मोह टाळावा, कारण अधिक नत्राने काडी लांब व लुसलुशीत होते आणि कलमाच्या वेळी सुकते. नव्या पालवीवर तुडतुडे, मिजमाशी व शेंडा पोखरणारी अळी यांची पाहणी आठवड्यास एकदा करावी. पोखरलेले शेंडे कापून जाळावेत. ज्या झाडावर आखूड, जाडसर फुटव्यांचे झुबके किंवा विकृत मोहोर दिसेल, त्यापासून त्या वर्षी व पुढेही काडी घेऊ नये. ही विकृती कलमाबरोबर नव्या बागेत जाते. असे झाड तुकड्यातून काढलेलेच बरे. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री जंतुनाशकात बुडवून घ्यावी.

प्रत्येक मातृवृक्षास क्रमांक देऊन एका वहीत त्याचे मूळ, छाटणीची तारीख व काढलेल्या काड्यांची संख्या लिहावी. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांचे नियमन करणारा कायदा १९६९ साली झाला. परवान्याचे काम पाहताना ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम ही वही व नंतर रंगाचे पट्टे पाहावेत. शंका आल्यास परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील उद्यानविद्या विभागाचा सल्ला घ्यावा.

निवडलेल्या काडीची पाने, देठ ठेवून, कलम बांधण्यापूर्वी आठ ते दहा दिवस कापावीत. इतक्या अवधीत देठ गळतात आणि शेंड्याचा डोळा फुगतो. १० ते १५ सेंटिमीटर लांबीची काडी सकाळी उन्हाआधी तोडून ओल्या गोणपाटात गुंडाळावी व शक्यतो त्याच दिवशी वापरावी. दूर न्यावयाची असल्यास जुडीत झाडाच्या क्रमांकाची चिठ्ठी घालावी.