सवय कोणाला लागली?

‘गोळ्यांची अंगाला सवय झाली, आता गुण येत नाही,’ असे मीही वर्षानुवर्षे म्हणत आलो. पण बदलतो तो जिवाणू, आपले अंग नव्हे. पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचे एक कडे असते. त्याच्या जोरावर ते जिवाणूला पेशीभित्तिका नीट बांधू देत नाही. काही जिवाणू बीटा-लॅक्टमेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करतात. ते पाण्याच्या साहाय्याने हे कडे तोडते आणि औषध निकामी होते. अब्राहम आणि चेन यांनी असे विकर १९४० सालीच नोंदवले. तेव्हा पेनिसिलिन बाजारात आलेही नव्हते. विनाकारण गोळी घेतली, की साधे जिवाणू मरतात. हे विकर बाळगणारे उरतात, वाढतात आणि शेजाऱ्यापर्यंतही पोहोचू शकतात. ‘माझ्या अंगाची सवय’ म्हटले, की शेजाऱ्याचा हा धोका वाक्यातून गळूनच जातो.