रिकाम्या वाद्यवृंदातले साजिंदे

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असो, निवृत्तीचा निरोप समारंभ असो की सोसायटीचं स्नेहसंमेलन. एक मोबाइल, एक स्पीकर आणि एक माइक एवढ्यावर आज मैफल जमते. गाणारा हौशी असतो, टाळ्या त्याला मिळतात. त्याच्यामागची ढोलक कुणाच्या हातची, बासरी कुणाच्या ओठांवरची, हे कुणी विचारत नाही.

‘कराओके’ हा जपानी शब्द. ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्राचं आखूड रूप. पण हा वाद्यवृंद रिकामा कधीच नव्हता. या यंत्राच्या जनकांपैकी एक असलेले दाइसुके इनोउए हे कोबे शहरातल्या बारमध्ये हौशी गायकांना साथ करणारे साजिंदेच होते. एका गिऱ्हाइकाला सहलीत गायचं होतं, इनोउएंना सोबत जाणं जमेना. त्यांनी साथ टेपवर भरून दिली. त्यातून कल्पना सुचली आणि १९७१ मध्ये, नाणं टाकताच साथ वाजवणारी ११ यंत्रं त्यांनी बारना भाड्याने दिली. पेटंट मात्र घेतलं नाही. यंत्र जगभर पसरलं, कमाई इतरांच्या गल्ल्यात गेली. २००४ मध्ये त्यांना शांततेचा ‘इग्नोबेल’ हा गमतीदार पुरस्कार मिळाला.

जुन्या हिंदी गाण्यांचा ट्रॅक करणं तर फारच जिकिरीचं. त्या काळी गायक आणि वादक एकत्र, एकाच फितीवर ध्वनिमुद्रित होत. त्यातून गळा वेगळा काढता येत नसे, म्हणून सगळं नव्याने वाजवावं लागे. संयोजक हेडफोन लावून गाणं तुकड्यातुकड्याने ऐकतो, मधलं संगीत लिहून काढतो. जुनी लय माणसांच्या हातांनी चाललेली, कुठे किंचित चढणारी, कुठे सैलावणारी. संगणकाचा ठोका सरळ. तो गाण्याप्रमाणे वाकवला नाही तर गाणारा अडखळतो. व्हायोलिनचा ताफा कीबोर्डवर उभा करता येतो. तबला-ढोलकीला मात्र खरा हात लागतो.

वादकाची कसोटी अशी, की स्वतःचं काहीही घालायचं नाही. ‘आराधना’तल्या (१९६९) ‘रूप तेरा मस्ताना’मधलं अकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचं. ट्रॅकमध्ये ते जसंच्या तसं हवं, नाहीतर गाणं परकं वाटतं. आयुष्यभराचा रियाज दुसऱ्याची सावली होण्यात खर्ची घालायचा, असं हे काम.

मोबदला सहसा एका बैठकीचा, एकदाच. पुढे तो ट्रॅक हजार मैफलींत वाजला तरी हिशेब तिथेच संपतो. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरावर कलावंताचा रॉयल्टीचा हक्क मान्य केला आणि कायद्याच्या व्याख्येत वादकही कलावंतच आहे. पण ज्याचं ट्रॅकवर नाव नाही, हातात लेखी करार नाही, त्याने हा हक्क मागायचा कुणाकडे?

त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची सॉफ्टवेअर मूळ गाण्यातून काही मिनिटांत गळा बाजूला करतात. नव्याने वाजवण्याची गरजच घटू लागली आहे. जे हात आधी निनावी होते, ते आता रिकामे होण्याची भीती आहे.

मैफली थांबवायचं कारण नाही. गाणं माणसांना जवळ आणतं. मात्र वर्षातून एखाद्या कार्यक्रमात गावातला एक ढोलकीवाला, एक कीबोर्डवादक समोर बसवावा. त्याचं नाव माइकवरून घ्यावं आणि बिदागी त्याच रात्री हातात ठेवावी. गाणाऱ्याला साथ म्हणजे काय, हे त्या दिवशी कळेल.