बिअर शॉपीचा अर्ज पालघरात, निर्णय पाड्यावर

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात एखाद्या किराणा दुकानदाराच्या मनात येते की, तेल-मिठासोबत बिअरही ठेवली तर दोन पैसे जास्त सुटतील. विचार साधा वाटतो, पण कायद्याच्या दृष्टीने तो पहिल्याच पायरीवर अडतो. महाराष्ट्रात किराणा मालाच्या फळीवर दारू ठेवता येत नाही. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला होता. त्यावर एवढा विरोध झाला की तो अमलात आलाच नाही. आला असता तरी खोडाळ्यातल्या किंवा जव्हारच्या पेठेतल्या दहा बाय बाराच्या गाळ्याला त्याचा उपयोग नव्हता.

मग मागायचे तरी काय? महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम 1949 चा आहे, आणि त्याचे मूळ तत्त्व बंदी हेच आहे. परवाना म्हणजे त्या बंदीतून दिलेली सूट. लोक ज्याला देशी दारूचे दुकान म्हणतात त्याचा परवाना सीएल-तीन, आणि वाइन शॉपचा एफएल-दोन. या दोन्ही प्रकारांचे नवे परवाने 1970 च्या दशकापासून बंद आहेत. आज कुठे असे दुकान नव्याने उघडलेले दिसले, तर तो दुसरीकडून हलवून आणलेला किंवा नावावर करून घेतलेला जुना परवाना असतो. त्याची बाजारातली किंमत छोट्या दुकानदाराच्या आवाक्याबाहेर असते. नव्याने अर्ज करता येतो तो मुख्यतः दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे परमिट रूम, जिथे बसून पिता येते आणि ज्यासाठी आधी खाणावळीचा परवाना लागतो. दुसरी म्हणजे बिअर शॉपी, जिथे फक्त सीलबंद बाटली विकायची आणि जागेवर कोणाला पिऊ द्यायचे नाही. छोट्या दुकानदाराचा रस्ता बहुधा बिअर शॉपीकडेच जातो, आणि त्यासाठी किराण्यापासून वेगळा गाळा लागतो.

अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन करायचा असतो. आधार, पॅन, फोटो, गाळ्याचा नकाशा, मालकीचा किंवा भाड्याचा कागद, पोलिसांचा चारित्र्य दाखला अशी ही चळत आहे. शुल्क गावाच्या लोकसंख्येप्रमाणे ठरते, त्यामुळे इथे ते शहरापेक्षा कमी बसते. विभागाचे अधिकारी जागेवर येऊन पाहणी करतात, अंतर मोजतात, जबाब घेतात. अधीक्षकांच्या शिफारशीने फाइल जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि परवाना ते देतात. मिळालेला परवाना 31 मार्चला संपतो आणि दरवर्षी शुल्क भरून नवा करून घ्यावा लागतो. बिअर 21 वर्षांखालच्या कोणालाही विकता येत नाही.

आतापर्यंत सांगितले ते महाराष्ट्रात कुठेही लागू पडेल. जव्हार-मोखाड्यात त्यात तीन गोष्टींची भर पडते, आणि फाइल अडते ती बहुतेक तिथेच.

पहिली गोष्ट रस्त्याची. शाळा, देऊळ, एसटी स्थानक यांपासून 75 मीटरचे अंतर सगळीकडेच पाळावे लागते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. मार्च 2017 मध्ये 20,000 किंवा त्याहून कमी वस्तीच्या ठिकाणी हे अंतर 220 मीटर केले. पालघरहून मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा करत त्र्यंबकला जाणारा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग 160-अ आहे. इथली बरीच दुकाने याच रस्त्याला तोंड करून उभी आहेत. नगरपालिका हद्दीतल्या दुकानांना ही मनाई लागत नाही, असे न्यायालयाने पुढे स्पष्ट केले आणि ग्रामपंचायत क्षेत्रांबाबत सवलतीचा विचार राज्यांवर सोडला. म्हणून गाळा जव्हार नगरपरिषदेच्या हद्दीत आहे, मोखाडा नगरपंचायतीच्या की एखाद्या ग्रामपंचायतीच्या, हे अर्जाआधी पक्के करून घ्यावे. गाळ्याला अनामत देऊन झाल्यावर हे कळण्यात काही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. दोन्ही तालुके 1985 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहेत आणि वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांच्या नावावर इथली बरीच जमीन आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला राज्य शासनाच्या मान्यतेशिवाय विकता तर येत नाहीच, पण भाडेपट्ट्यानेही जिल्हाधिकाऱ्यांच्या आधीच्या मंजुरीशिवाय देता येत नाही. रस्त्याकडेची जागा मालकाने तोंडी दिली आणि त्यावर पत्र्याचा गाळा उभा राहिला, अशी व्यवस्था खेड्यात चालते. परवान्याच्या फाइलीत ती टिकत नाही. सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना नीट वाचावा, जमीन बिगरशेती झाली आहे का ते पाहावे. गावठाणातले घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ काढावा.

तिसरी गोष्ट ग्रामसभेची, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आणि पंचायतीला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा, त्यांची विक्री आणि सेवन यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिला. महाराष्ट्राने तो आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आणला आणि 2014 मध्ये पेसाचे नियम केले. म्हणजे मोखाड्याच्या एखाद्या गावात बिअर शॉपी हवी असेल, तर सरपंचाच्या सहीशिक्क्याचे ना-हरकत पत्र पुरे पडणार नाही. विषय ग्रामसभेपुढे जायला हवा, त्यावर बोलणे व्हायला हवे, ठराव वहीत उतरायला हवा. दोन्ही नगरांच्या हद्दीत ग्रामसभा नसते, तिथे हा टप्पा येत नाही.

ग्रामसभेचा हा अधिकार इथे उगाच आलेला नाही. ब्रिटिश सरकारने 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी कायदा करून मोहाची फुले गोळा करून बाळगण्यावरच निर्बंध घातले, म्हणजे घरची दारू थांबेल आणि ठेकेदाराची खपेल. दारू कोणी गाळावी आणि कोणाकडून विकत घ्यावी, हे तेव्हा आदिवासींना विचारले गेले नाही. पुढे 1922 च्या सुमाराला पालघरच्या किनाऱ्याकडून देवीची चळवळ उठली, डोंगरातून दक्षिण गुजरातेत पसरली, आणि आदिवासींनी देवीच्या नावाने आपणहून दारू सोडली. ठेकेदार आणि पारशी दुकानदार यांना त्याचा मोठा फटका बसला. दारूबद्दल स्वतः निर्णय घेण्याची ताकद या लोकांत पेसाच्या आधीपासून आहे, कायद्याने ती आता कागदावर मान्य केली इतकेच.

परवाना मिळून दुकान सुरू झाले तरी गावाचा हात सुटत नाही. 25 मार्च 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा प्रभागातल्या 25 टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी तितक्यांनी, मागणी केली तर गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू ठेवा, आडवी बाटली म्हणजे बंद करा. दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. मतदानाला कितीजणी आल्या याला इथे महत्त्व नाही, यादीत किती नावे आहेत यावर हिशेब होतो. समजा मतदान महिलांचे आहे आणि गावात 400 महिला मतदार आहेत, तर बंदीसाठी 201 मते हवीत. त्यातल्या 150 जणी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर असतील, तर गावात उरलेल्या 250 पैकी 201 जणींना एकमताने यावे लागेल. गैरहजर बाईचे मत न मागता दुकानाच्या बाजूने मोजले जाते.

गैरहजेरीचा हा प्रश्न ग्रामसभेच्या ठरावातही येतो. भात झोडून झाले, दिवाळी झाली की इथली घरे कुलपे लावून भट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, शिमग्याला चार दिवस येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वर्षाच्या ठरलेल्या ग्रामसभांपैकी 26 जानेवारी आणि 1 मेच्या सभांना पाडे अर्धे रिकामे असतात. 15 ऑगस्टला माणूस गावात असतो, 2 ऑक्टोबरलाही बहुतेक असतो. रिकाम्या गावात मंजूर केलेला ठराव कागदावर बरोबर दिसेल, पण ज्यांच्या घरावर त्याचा परिणाम होणार आहे त्यांचे मत त्यात नसेल. परतल्यावर त्याच बायांनी मतदानाची मागणी केली, तर दुकानदाराची गुंतवणूकही धोक्यात येईल.

म्हणून दुकानदाराला सांगणे आहे की ठराव 15 ऑगस्टच्या सभेत मागा, आणि त्याआधी होणाऱ्या महिलांच्या ग्रामसभेत स्वतः जाऊन दुकान कुठे असेल, किती वाजता बंद होईल ते सांगा. आणि पाड्यावरच्या बायांना सांगणे आहे की दुकानाचा विषय जानेवारीच्या सभेच्या नोटिशीवर दिसला, तर भट्टीवरून फोन करा, गावात असलेल्या बाईला सभेत उभे करा आणि तो पावसाळ्यापर्यंत पुढे ढकलायला लावा.